आतल्या खोलीतला परदेश

डिसेंबर उजाडला की जे. पी. नगरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर अवरेकायीचे ढीग पडतात. अवरेकायी म्हणजे आपल्या पावट्याची इथली थोरली बहीण. शेंगा दवात भिजलेल्या असल्या की हाताला तेलकट, उग्र वास लागतो आणि तो साबणानेही जात नाही. बेंगळुरूच्या लोकांना या वासाचं भारी कौतुक. शेंग उचलतात, नाकाशी नेतात, मान डोलावतात आणि मगच पिशवी पुढे करतात. व्हाइटफील्डहून येणारी ऑफिसची कॅब मला संध्याकाळी सिग्नलपाशी सोडते, तिथेच एक ढीग असतो. यंदा परवा तो पहिल्यांदा दिसला, वास आला आणि माझी मान आपोआप खाली गेली. कुणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून मी चक्क इकडेतिकडे पाहिलं. आता लपवण्यासारखं काहीही उरलेलं नाही, तरी पाहिलं. शेंगा न घेताच घरी आले.

एका हिवाळ्यात मी आमच्याच घरात लपून राहिले होते. साऱ्या ओळखीच्यांच्या लेखी मी जर्मनीत शिकत होते आणि प्रत्यक्षात आमच्या फ्लॅटच्या आतल्या खोलीत, पडदा ओढून, मांडीवर परात घेऊन अवरेकायीचे दाणे सोलत होते. वाचताना हसू आलं तर खुशाल हसावं. मलाही कधीकधी येतं, पण अर्ध्यातच अडकतं.

सुरुवात मात्र वाजतगाजत झाली होती. माझे बाबा इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. साताऱ्याहून नोकरीला आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांच्या आगेमागे आलेली काही मराठी घरं गणपतीला, कोजागरीला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकत्र जमतात. त्या घरांतून परदेशी शिकायला निघालेली मी पहिलीच मुलगी. मुलगे गेले होते, पण मुलग्यांचं काय, ते जातातच. मी निघाले तेव्हा बायकांनी माझं केळवण करायचं ठरवलं. केळवण खरं तर लग्न ठरलेल्या मुलीचं करतात. पण माझ्या लग्नापर्यंत थांबायचा धीर कुणालाच नव्हता.

मग दर रविवारी एकेक घर. ताटाभोवती रांगोळी, वाटीत श्रीखंड, नाहीतर पुरणपोळी, शेजारी आई-बाबा मानाचे पाहुणे म्हणून अवघडून बसलेले. जेवण झालं की ओटी भरायची. नारळाबरोबर प्रत्येकीने परदेशाच्या हिशेबाने काहीतरी दिलं. कुणी लोकरी मोजे, कुणी छोटा कुकर, कुणी घरचा गोडा मसाला. खालच्या मजल्यावरच्या आठल्येकाकूंनी मेतकूट दिलं होतं, तेही दोन पिशव्यांत बांधून, वर चिकटपट्टी लावून. "सर्दी झाली की मऊ भातावर घाल गं," म्हणाल्या, "आणि माझी आठवण काढ." मी लाजत-मुरडत का होईना, सगळीकडे पोटभर जेवले. ज्याचं मीठ खावं त्याला जागावं, असं ऐकत मी वाढले. त्या दिवसांत मी अख्ख्या बेंगळुरूचं मीठ खाल्लं असणार.

घरात बॅगा भरणं चालूच होतं. बाबा बॅग उचलून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर उभे राहायचे आणि येईल त्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायचे. इंजिनिअर माणूस, हिशेब चोख. पण रोज बॅग जास्तच भरायची. आई भाजणी काढायची, बाबा परत काट्यावर चढायचे, बॅग आपली जडच. शेवटी आईच्या लक्षात आलं की केळवणं खाऊन बाबांचंच वजन वाढलंय आणि ते जुनाच आकडा वजा करताहेत. त्या दिवशी आम्ही तिघं जमिनीवर बसून इतकं हसलो की बाबांना उचकी लागली. तो दिवस आठवला की मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

शनिवारी मी इंदिरानगरला जर्मन शिकायला जायचे. दुकानात वस्तू मागणं, रस्ता विचारणं, पत्ता नोंदवणं, कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकणं, सगळं शिकवलं होतं. पत्ता नोंदवण्यावर तर खूप भर. तिथे आधी राहता पत्ता लागतो, पत्ता नसला तर बँक नाही, बँक नसली तर पुढचं काहीच नाही. मी सगळे धडे घोटले. पोचायची तयारी माझ्याइतकी कुणी केली नसेल. दुपारी चारला अंधार पडल्यावर काय करायचं, हे तेवढं कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

तिथे मी पोचले छानच. आधी पत्ता नोंदवला, मग बँकेत गेले, सामायिक स्वयंपाकघरातल्या माझ्या फळीवर डबे लावले, त्याचे फोटो पाठवले. आईने ते साऱ्या मराठी घरांना दाखवले. पहिले काही आठवडे मी स्वतःवर खूश होते. मग केव्हातरी, अमुक दिवशी असं नाही सांगता येणार, मी सकाळी उठून परत झोपले. दुसऱ्या दिवशीही तसंच. कुणी वाईट वागलं नव्हतं, अभ्यास डोक्यावरून जात नव्हता. फक्त खोलीचं दार उघडून बाहेर जाणं मला होईना. दारापर्यंत जायचे, जिन्यात कुणाचा आवाज आला की मागे फिरायचे. घरून फोन यायच्या वेळी मात्र उठायचे, केस विंचरायचे आणि अंगात कोट चढवायचे, आत्ताच वर्गातून आल्यासारखा. "आत्ताच आले गं," म्हणायचे. कोटाच्या आत दोन दिवसांचा पायजमा असायचा. आई म्हणायची, "बघ, थंडीने गाल कसे लाल झालेत." ते रडून झालेले असायचे.

हल्ली आमच्या इमारतीत दरवर्षी कुणी ना कुणी निघतं. लिफ्टमध्ये मुलं भेटतात, हातात नव्या बॅगा, अंगावर लेबल न काढलेलं जाकीट. त्यांच्या आया मला विचारतात, "तू जाऊन आलीयेस ना, काही सांग की." सरळ मनाने विचारतात. मी चांगल्या बुटांबद्दल सांगते. बुटांबद्दल मला खरंच पुष्कळ माहिती आहे.

डिसेंबरात मी एका रात्री बाबांना फोन केला आणि कोट न घालता केला. बाबांनी काही विचारलं नाही, तिकीट काढलं. देवनहळ्ळीच्या विमानतळावर घ्यायला आले. हेब्बाळच्या पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती आणि बाबा घरी पोचेपर्यंत त्या रांगेबद्दलच बोलत राहिले. पूल कसा चुकीचा बांधलाय, कुठे एक मार्गिका वाढवायला हवी होती, पाणी कुठे तुंबतं. मी हो हो करत होते. इतकं ते एरवी आठवडाभरातही बोलत नाहीत.

आईने बॅगा उघडल्या. आठल्येकाकूंचं मेतकूट, चिकटपट्टीसकट, जसंच्या तसं परत आलं होतं. आईने ते आपल्या डब्यात ओतलं. पुढे बरेच दिवस ती रोज रात्री भातावर तेच घेऊन जेवत होती, संपवायचंच असं ठरवून. मी समोर बसून खाली मान घालून जेवायचे.

पहिलं खोटं तसं साधंच होतं. जिन्यात कुणीतरी विचारलं आणि आई बोलून गेली, "नाताळची सुट्टी आहे ना, आलीये." लोकांना ते पटलं. मला बोलावणी आली, कौतुक झालं. "बारीक झालीस गं," म्हणाले. मी सगळ्यांना हसून दाखवलं. पण सुट्टी म्हटलं की ती संपते, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. नवं वर्ष लागलं, पहिला आठवडा गेला आणि फोन सुरू झाले. "निघाली का मनू?" आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "हो हो, पोचली नीट. थंडी आहे म्हणे खूप."

मी सोफ्यावर तिच्या शेजारीच बसले होते. मी उठले आणि आतल्या खोलीत गेले. मला कुणी जा म्हटलं नव्हतं.

मग त्या परदेशाचे नियम ठरत गेले. बाल्कनीत जायचं नाही. माझे कपडे घरातच वाळायचे. बेल वाजली की माझ्या चपला कपाटात. पाहुणे असेपर्यंत पंखासुद्धा लावायचा नाही, कारण तो करकरतो. कामाला येणाऱ्या मंजुळाक्काला आईने आपल्या तोडक्यामोडक्या कानडीत सांगितलं की मी घरून अभ्यास करतेय, कुणाला सांगू नकोस. ती "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि फरशी पुसायला लागली. आई फोनवर घड्याळ बघून बोलायला शिकली. "आत्ता तिकडे सकाळ असेल, झोपलेली असेल," असं म्हणायची आणि मी भिंतीपलीकडे चहा पीत असायचे. बाबांना खोटं जमत नाही. त्यांना कुणी विचारलं की ते "ठीक आहे" म्हणून चालू लागत. पुढेपुढे ते सकाळी फिरायला रोजच्या बागेत जाईनासे झाले, दोन बस-थांबे पलीकडच्या बागेत जायला लागले. तिथे मराठी कुणी येत नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी असतं. त्या वर्षी आईने पाठदुखीचं निमित्त काढून ते टाळलं. तिची पाठ इतकी वर्षं कधी दुखली नव्हती. मला ते फार लागलं. माझ्या पायी आई-बाबा आपल्याच माणसांना चुकवत होते आणि मी खोलीत बसून दाणे सोलत होते. दाणे रात्रभर पाण्यात ठेवायचे, सकाळी एकेक चिमटीत धरून दाबायचा की साल हातात राहतं आणि गुळगुळीत दाणा परातीत उडी मारतो. आई त्याची आपल्या डाळिंब्यांसारखी उसळ करते, वर ओलं खोबरं. एवढं एकच काम मला तेव्हा जमत होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत करायला सांगितलं असतं तरी केलं असतं.

लाज नक्की कशाची वाटत होती, याचा मी पुष्कळ विचार केला. शिक्षण सुटल्याची म्हणावी, तर तितकी नाही. मला त्या रांगोळ्या दिसायच्या. इतक्या लोकांनी मला पाटावर बसवून जेवू घातलं होतं आणि मी त्या मिठाला जागले नव्हते. पाय मोडून परत आले असते तर हीच माणसं पेज घेऊन आली असती. माझं काय मोडलं होतं ते मला दाखवता येत नव्हतं, मग मी स्वतःलाच दाखवेनाशी झाले. एका बंद खोलीतून पळून मी सात हजार किलोमीटर आले होते आणि दुसऱ्या बंद खोलीत शिरले होते. हे लक्षात आलं त्या दिवशी मला माझा रागही आला आणि हसूही.

अशाच एका रविवारी दुपारी बेल वाजली. चपला आत, पंखा बंद, मी परातीसकट खोलीत. आठल्येकाकूंचा आवाज आला आणि बरोबर एका मुलीचा. ती काकूंची नागपूरची भाची, केतकी. इंदिरानगरात नोकरी करायची, तिथेच पीजीमध्ये राहायची, रविवारी मावशीकडे जेवायला यायची. तिचं नाव मी ऐकून होते.

"अहो, बातमी ऐका," काकू बसता बसताच म्हणाल्या. "आमच्या केतकीला प्रवेश मिळाला. आणि तोही मनूच्याच गावात, मनूच्याच विद्यापीठात! दोन ठिकाणचं आलं होतं. मी म्हटलं, जिथे आपलं माणूस आहे तिथेच जा."

आई म्हणाली, "अरे वा."

"मार्चमध्ये निघायचंय. आता एवढंच करा, पहिले पंधरा दिवस हिला मनूकडे राहू द्या. स्टेशनवर मनू येईल घ्यायला. तिथे म्हणे आधी पत्ता दाखवावा लागतो, तो मनूचाच देऊ. थांबा, आत्ताच लावते फोन तिला."

माझा फोन मुका केलेला होता. पलंगावर त्याचा उजेड पडला आणि त्यावर आठल्येकाकूंचा हसरा फोटो आला. भिंतीपलीकडे काकू कानाला फोन लावून बसल्या होत्या. मी त्या फोटोकडे बघत राहिले.

"उचलत नाहीये. वर्गात असेल."

"रविवार आहे ना मावशी," केतकी म्हणाली.

"मग झोपली असेल," आई घाईने म्हणाली. "मी कळवते तिला. राहील की. आपलंच घर आहे."

"काकू, नक्की ना?" केतकीचा आवाज बारीक होता. "नाही, म्हणजे मी दोन-तीन खोल्या पाहून ठेवल्या आहेत, आज कळवायचं आहे त्यांना. ताई असेल तर मग नाही म्हणून टाकते. मला एकटीला उतरायची जरा भीतीच वाटते, खरं सांगू तर."

मला वाटलं, आता आई खरं सांगेल. आई म्हणाली, "नाही म्हणून टाक. बिनधास्त जा."

मी आईला दोष देत नाही. आपलं पोर झाकायला बसलेल्या बाईला दुसऱ्याचं पोर दिसत नाही. पण मला ते गाव दिसलं. मार्चचा गारठा, ते स्टेशन, दोन बॅगा घेऊन उभी असलेली ही मुलगी, येणाऱ्या प्रत्येकीच्या तोंडाकडे बघणारी. तिच्या हातातला पत्ता मी सोडलेल्या खोलीचा, तिथे आता दुसरंच कुणी राहत होतं. मी परात खाली ठेवली आणि दार उघडलं.

काकूंचा हात पेल्याकडे निघाला होता, तो तिथेच राहिला. "अगं बाई! तू इथे?"

"मी परत आलेय काकू," मी म्हटलं. "डिसेंबरातच. कायमची. मला तिथे जमलं नाही."

हे वाक्य मी मोठ्याने पहिल्यांदाच म्हणत होते. हातांना ओल्या सालांचा चिकटा होता, केस विंचरलेले नव्हते आणि अंगात कोटही नव्हता. आई साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत होती. वाटलं, आता काकू काहीतरी बोलतील ते आयुष्यभर पुरेल. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग कपाळाला हात लावला.

"अगं, मग आता हिला घ्यायला कोण जाणार?"

बस, एवढंच. मी इतके दिवस उराशी धरलेली माझी लाज त्यांनी डोळ्यांनी एकदा पाहिली आणि बाजूला ठेवली, कारण त्यांच्यापुढे त्याहून मोठा प्रश्न होता. मला हायसं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला, हे कबूल करते.

काकू आईशी मात्र नंतर बरेच दिवस तुटक बोलत होत्या. "आम्ही काय खाल्लं असतं का तिला?" असं म्हणाल्याचं कळलं. त्यांचं चुकलं नव्हतं. आईने एकेका घरी जाऊन खरं सांगितलं. बाबा जुन्या बागेत जायला लागले. लोक चार दिवस बोलले, काही अजूनही बोलत असतील. मी एका डॉक्टरांकडे जायला लागले, पुढे नोकरी लागली. केतकीने तेव्हा पाहून ठेवलेल्या खोल्यांतली एक घेतली. ती तिथे छान रमली आहे, सायकलवरचे फोटो पाठवते. मला आनंद होतो आणि थोडं टोचतंही.

जाईपर्यंत ती दर रविवारी आमच्याकडे यायची. परातीभोवती आम्ही तिघी बसायचो. तिला दाणे सोलायला जमायचं नाही, ते चिमटीतून उडून पार कपाटाखाली जायचे. "स्वल्प हळू," आई म्हणायची. ती विचारायची आणि मी सांगायचे. गाडी कुठली पकडायची, पत्ता कुठे नोंदवायचा, पाव कुठला घ्यायचा. चारच्या अंधाराचंही सांगितलं. त्या वेळी खोलीत बसू नकोस, कुठेतरी उजेडात जा, कुणाला तरी खरं सांग, निदान मला फोन कर. आईसमोर हे सगळं बोलताना माझे कान तापायचे. आई मान वर न करता ऐकत असायची. तिथल्या खोलीत माझं काय झालं होतं, हे तिला अशा रीतीने, दुसऱ्या मुलीला सांगितलेलं ऐकूनच कळलं.

निघायच्या आधीच्या रविवारी केतकी एकदम म्हणाली, "ताई, आणि मलाही नाही जमलं तर?"

"जमेल गं," माझ्या तोंडून निघालं. सगळे म्हणतात तसंच.

आईने हातातला दाणा परातीत टाकला. "नाही जमलं तर ये," ती केतकीला म्हणाली. "दिवसाढवळ्या ये, पुढच्या दाराने ये. कुणी विचारलं तर माझ्या मनूचं नाव सांग. म्हणावं, तीसुद्धा आली होती."